आधी हाक, मग हात

उस्ताद, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे तुम्हाला लिहितो आहे. दुसऱ्या कोणाला लिहिलं तर तो वाचेल, वाचलं की फोन करील, आणि फोन आमच्या घरी बायको उचलते. तुम्हाला जाऊनही आता खूप वर्षं झाली. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळे लिहायला बसलो की दोन ओळींनंतर थांबतो, गॅसचं बटण बंद आहे का ते पाहून येतो, परत बसतो. उद्या रविवार, पुण्याहून मुलगा येतो आहे. आल्या आल्या चपला काढायच्या आधी तो विचारणार, "बाबा, खरं सांगा, पडलेबिडले तर नाही ना?" फोनवर दर वेळी विचारतो. मी दर वेळी हसून सांगतो, "अरे, मी बर्फावर आयुष्य काढलेला माणूस, मला फरशी काय पाडते!" आणि फरशीनं मला पाडलं आहे, उस्ताद. दिवाळीनंतर, न्हाणीघरात. मी ते कोणालाही सांगितलेलं नाही. सांगितलं तर मुलगा आम्हा दोघांना पुण्याला नेऊन आठव्या मजल्यावर ठेवणार, हे नक्की आहे, त्यानं खोलीसुद्धा रिकामी केली आहे. नाही सांगितलं आणि परत पडलो, तर इथे मला उचलायला एक म्हातारी बाई आहे, जिचे स्वतःचेच गुडघे वाजतात. या दोन्हींच्या मध्ये मी महिनाभर बसलेलो आहे, जेवण जात नाही.

आमचं राजूर तुम्ही पाहिलं नाही. कोळशाचं गाव. तुमच्याकडे सकाळी खिडकीच्या कठड्यावर बर्फ साचलेला असायचा, तशी इथे काळी धूळ साचते, पांढरं कापड वाळत घालायची सोय नाही. पूर्वी घरात साधी शहाबादी होती, खडबडीत, पाय धरून ठेवायची. मुलानं कौतुकानं ती काढून चकचकीत टाइल्स बसवल्या. आता त्या धुळीवर ओलं फडकं फिरलं की जी काही निसरड होते, ती तुमच्या गोठलेल्या तळ्यावर मार्चमध्ये वरचा थर वितळायला लागला की व्हायची तशी. मी तिच्याकडे पाहिलं की माझी पोटरी आपोआप घट्ट होते. बायको दिवसातून दोनदा पुसते. तिला पुसू नको म्हणावं तर कारण सांगावं लागेल.

फौजेत भरती होऊन तुमच्याकडे डोंगरात बर्फावरची हॉकी शिकायला आलो तेव्हा मी बर्फ म्हणून पाहिलेला होता तो यात्रेतला गोळ्याचा, आणि दुसरा मयताखाली ठेवतात त्या लाद्यांचा. आमच्याकडे मे महिन्यात कोणी गेलं आणि लेक दूरगावाहून यायची असली की वणीहून बर्फाच्या लाद्या आणतात. म्हणून तुमच्या तळ्यावर पहिल्या दिवशी पाय ठेवला तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं होतं, ते थंडीनं नव्हे. तुम्ही समोर उभे आहात, कानटोपीवरून मफलर बांधलेला, गाल भाजल्यासारखे लाल. आम्ही सगळे नवे जवान पायात ती पात्यांची बुटं घालून एकमेकांना धरून उभे. आम्हाला वाटलं आता पळायला शिकवतील. तुम्ही म्हणता, "आज कोई चलेगा नहीं. आज सिर्फ गिरना है." आणि खरोखर दिवसभर तुम्ही आम्हाला नुसतं पाडलंत. गुडघे वाकवून कुशीवर पडायचं, डोकं वर, पडताक्षणी दोन्ही मुठी मिटायच्या, कारण मागून येणाऱ्याचं पातं बोटांवरून गेलं तर बोटं राहत नाहीत. आणि मूठ मिटता मिटता ओरडायचं, "गिरा!" म्हणजे मागचा वळेल. एकानं विचारलं, "उस्ताद, पडलेल्याला हात द्यायचा की नाही?" तुम्ही म्हणालात, "पहले आवाज़, फिर हाथ. बिना आवाज़ के जो हाथ देने झुकेगा, वो भी गिरेगा." संध्याकाळी माझा आवाज बसला होता आणि कुल्ल्यांवर बसवत नव्हतं. तुम्ही जवळ येऊन म्हणालात, "तू सबसे अच्छा गिरता है. तुझे चलना नहीं आएगा, तू गोल में खड़ा हो जा." अशी माझी निवड झाली. लोकांना वाटतं खेळाडूला कोणीतरी गुण पाहून हेरतं.

बंदुकीची नोकरी होतीच, पण हिवाळ्यात मला टीमसाठी मोकळं करायचे, म्हणजे पगार फौजेचा आणि काम काळ्या रबराची एक चकती जाळ्यात जाऊ न देण्याचं. हे इथे कोणालाही समजावून सांगता आलं नाही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी अख्ख्या गावाला सांगितलं, "पोरगा फौजेत बर्फाच्या कामावर हाय," आणि लोकांना वाटलं मी साहेबांच्या सरबतासाठी बर्फ फोडतो. अजूनही टपरीवर गेलो की कोणीतरी म्हणतं, "या बर्फवाले! पान्यावर चालून दाखवा ना एखांद्या दिवशी," आणि सगळे हसतात, मीही हसतो. बायकोला मी पहिल्या वर्षी पितळी परात उलटी ठेवून, वर तुरीचा दाणा सरकवून खेळ समजावला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे समदे धावतेत अन् तुमी एकटे उभे राह्यता?" मी हो म्हटलं. "मग ठीक हाय," ती म्हणाली, "पडाची भीती नाही." तिला काय सांगणार? समोरचे दोन दात, डाव्या हाताची करंगळी आणि उजवा गुडघा मी तिथे ठेवून आलो. सिमल्याला आपण जिंकलो तेव्हा पेपरात फोटो आला होता, त्यात माझा चेहरा जाळीच्या मुखवट्यामागे आहे. तो मी आहे हे फक्त मी सांगतो म्हणून खरं.

त्या कापसाची आठवण मला या दिवसांत फार येते. पहिल्या हिवाळ्यात गोलकीपरच्या पायांना बांधायच्या गाद्या नव्हत्या, होत्या त्या फाटलेल्या, आतला भुसा गळणाऱ्या. मी सुट्टीवर गावी आलो आणि मनात आलं, आपण तर कापसाच्या मुलखातले. माझी आई वाकळी शिवायची, तिच्याकडून जाड चादरीच्या दोन लांब पिशव्या शिवून घेतल्या, घरचा सरकी काढलेला कापूस ठासून भरला, वर आडवे दोरे घातले. इतक्या सुंदर झाल्या होत्या की गाडीत सोबतचे लोक हात लावून पाहायचे. तळ्यावर मी त्या बांधून उभा राहिलो तेव्हा टीममधले म्हणाले, "अरे, दूल्हा आया!" तासभर मजेत गेला. चकती पायावर आपटायची आणि मऊ आवाज यायचा. मग मी गुडघ्यांवर बसायचो, उठायचो, बसायचो, आणि बर्फावरचं वितळलेलं पाणी कापसानं प्यायला सुरुवात केली. उन्हं उतरल्यावर ते पाणी आत गोठलं. सराव संपला, सगळे पाती काढायला काठाकडे गेले, आणि मी मागे गोलमध्ये पडलो तो पडलोच. पाय वाकेनात. दोन शिळा बांधल्यासारख्या. मी पडल्या जागेवरून तुम्हा सगळ्यांच्या पाठी पाहत होतो. तुम्ही चहाच्या किटलीपाशी काही विनोद करत होतात. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, पण दूल्हा म्हणाले होते ना, ते डोक्यात होतं. अंधारून यायला लागल्यावर तुम्ही माणसं मोजली आणि परत आलात. मला वाटलं गाद्यांवरून हसाल. तुम्ही इतके रागावलात की तुमची हिंदी सुटून तुमची भाषा सुरू झाली. मग थांबलात, श्वास घेतलात. "कपास के खेत से आया है और कपास का नहीं पता, चलो, माफ. पर आवाज़ क्यों नहीं दी? जम जाता तो? मैं तेरी माँ को क्या लिखता?" तुम्ही चाकूनं आईचे दोरे कापलेत, एक एक करून, आणि तो काळवंडलेला बर्फाळ कापूस तिथेच काढलात. दुसऱ्या दिवशी माझ्या खाटेवर तुमच्या स्वतःच्या चामड्याच्या गाद्या होत्या. त्या तुम्ही परत घेतल्या नाहीत. नंतर तुम्ही काठावर उभे राहूनच शिकवायचात, ते वयामुळे असं मी धरून चाललो.

गुडघा गेल्यावर माझा खेळ संपला, नोकरीही पुढे संपली, मग गावाकडे येऊन कोळशाच्या खाणीच्या गेटवर चौकीदार म्हणून राहिलो. तिथेच एका दुपारी टीममधल्या जुन्या सोबत्याचा फोन आला. तो म्हणाला, उस्ताद गेले. छतावरचा बर्फ ओढत होते, शिडीवरून घसरले. घरात कोणी नव्हतं, लग्नाला गेले होते, दुसऱ्या दिवशी कळलं. मी ट्रक थांबवून ठेवला होता, मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ज्यानं मला पडायला शिकवलं तो पडून गेला, ही गोष्ट मी तेव्हापासून पोटात घेऊन फिरतो आहे. पण भीती त्याची नाही. पडणं कोणालाही चुकलेलं नाही, हे तुम्हीच सांगायचात. मी तुमच्या घरी एकदा आलो आहे, लोणी घातलेला खारट चहा प्यालो आहे, खुबानीच्या झाडाखाली बसलो आहे, आणि शेजारचं घर तुमच्या अंगणापासून किती जवळ आहे ते मला माहीत आहे. अगदी हाकेच्या अंतरावर. मग उस्ताद, तुम्ही हाक मारली होती का? हे मला कोणीच सांगू शकत नाही. मारली आणि कोणी ऐकली नाही, की मारलीच नाही? यातलं कोणतं खरं असावं असं मला वाटतं, तेही मला ठरवता येत नाही.

त्या दिवशी न्हाणीघरात असं झालं. अंघोळ झाली होती, टॉवेल खुंटीवरून काढायला वळलो, आणि पाय गेला. डोकं मी वर ठेवलं. कुशीवर पडलो. आणि उस्ताद, इतक्या वर्षांनी माझ्या दोन्ही मुठी आपोआप मिटल्या. बादली कलंडली, सगळं पाणी दाराकडे गेलं. तोंडातून हाक मात्र निघाली नाही. मी पडल्या पडल्या स्वयंपाकघरातलं ऐकत होतो. कुकरची शिट्टी झाली, दुसरी व्हायला आली होती, आणि मग तीही थांबली, घर एकदम चिडीचूप झालं. मला वाटलं वरण झालं असेल. मी विचार करत होतो की हाक मारायची तर काय म्हणून मारायची. हे तुम्हाला कळणार नाही, तुमच्याकडे बायकोला नावानं हाक मारत असत, मी ऐकलं आहे. आमच्या पिढीत कोणी मारत नाही. लग्नात उखाण्यात तिचं नाव घेतलं होतं, लोकांनी आग्रह केला म्हणून, तेवढंच. नंतर जन्मभर "अवं" आणि "ऐकलं का" यावरच संसार झाला. उघडाबोडका, ओल्या फरशीवर पडलेला माणूस दाराआडून "ऐकलं का" म्हणणार? मी नळ धरला, उलट्या बादलीवर कोपर टेकवलं, आधी एक गुडघा, मग त्याच गुडघ्यावर दोन्ही हात, तुम्ही शिकवलं तसा उठलो, पण फार वेळ लागला. बाहेर आलो तर ती गॅसपाशीच होती, पाठमोरी. "लय वेळ लागला," ती म्हणाली. मी म्हणालो, "नळाचा वायसर गेला वाटते." ती म्हणाली, "असंन."

तेव्हापासून मी भिंत धरून चालतो. कोणी पाहिलं की भिंतीवरचं कॅलेंडर नीट करतो. रात्रीचं पाणी बंद केलं आहे, म्हणजे उठायला नको. टपरीवर जात नाही, ऊन आहे म्हणतो. थंडीत कसलं ऊन! बायको एकदा म्हणाली, "काहो, कायले भिंतीले चिपकून राह्यले? पाल व्हाचं हाय का?" मी चिडलो. तिनं पुढे विचारलं नाही. पुण्याचं नाव काढलं की ती गप्प बसते. तिची इथे तुळस, दोन शेजारणी, आणि बुद्धविहारातली बायकांची बैठक. ती जाणार नाही म्हणत नाही आणि जाऊ म्हणतही नाही. मी काय म्हणतो याची वाट पाहते, आणि तेच मला सहन होत नाही.

आज सकाळी ती पडली. अंगणात सडा टाकून आत येत होती, उंबऱ्याशी टाइलवर पाय सरकला आणि बसली धप्पकन. मी खाटेवर होतो. पण उस्ताद, ती पुरती खाली पोचायच्या आधीच तिचा आवाज वर पोचला होता. "पडली वो माय! अहो! अवो, कोनी हाय का! पडली ना मी!" समोरची शेजारीण पिठाच्या हातानं धावत आली, मागून तिची सून, गल्लीतून जाणारा दूधवाला सायकल टाकून आला. मी भिंत सोडून कसा पोचलो मला आठवत नाही. हात द्यायला वाकलो तर ती खालूनच खेकसली, "तुमी नका वाकू! तुमी बी पडसान माह्या अंगावर. खुर्ची आना आधी, खुर्ची!" शेजारीण म्हणाली, "काकू, लागलं का वं?" "लागलं नाही, लाजली," ही म्हणाली, आणि सगळ्या हसल्या, ही सगळ्यांत मोठ्यानं. दूधवाल्याला तिनं बसल्या जागेवरून विचारलं की काल दूध पातळ काहून होतं. मग खुर्चीचा आधार घेतला, शेजारणीनं काखेत हात घातला, ती उठली, लुगडं झटकलं. काही मोडलं नाही. मी मात्र खुर्ची धरूनच उभा होतो.

सगळे गेल्यावर तिनं चहा केला. आम्ही दोघं बसलो. मी म्हणालो, "अख्खी गल्ली गोळा केली." "मंग?" ती म्हणाली, "पडली तर पडली म्हनाव. मी देते बाप्पा आवाज. तुमच्यावानी नाही." मी कप खाली ठेवला. ती माझ्याकडे पाहत नव्हती, बशीतली साय बाजूला करत होती. म्हणाली, "त्या दिवशी बादली पडली, मी ऐकली ना. कुकर बंद केला अन् दाराशी येऊन उभी राह्यली. पानी दाराखालून माह्या पायाशी आलं. आता आवाज देते, मंग आवाज देते. दार लोटाव तर तुमाले राग येईन. तुमी कन्हत होते ते बी ऐकलं. लय वेळ उभी होती मी तिथं." मी विचारलं, "मग बोलली काहून नाही?" ती म्हणाली, "तुमी वायसर म्हनलं ना." मग कप घेऊन उठली आणि जाता जाता म्हणाली, "उद्या पोराले काय सांगाचं ते तुमी सांगा. पुन्याले न्या म्हना, नाही तर इथंच राह्यतो म्हना. पन वायसर म्हनू नका. मले परत तशी दाराशी उभी राह्याची नाही."

तळ्यावर तुम्ही किटलीपाशी होतात आणि माझ्याकडे पाठ होती, म्हणून तुम्हाला कळलं नाही, अशी तुमच्यापुरती मी मनाची समजूत घातली होती. ही तर दाराला हात लावून उभी होती. मी सकाळपासून तिच्या त्या ओल्या पावलांचाच विचार करतो आहे. उद्या मुलाला सांगणार आहे की पडलो होतो, न्हाणीघरात, महिना झाला. मग तो म्हणेल चला. मी म्हणेन आधी त्या टाइल्स काढ आणि पूर्वीची खडबडीत शहाबादी टाक, दाराची आतली कडी काढ, मग उन्हाळ्यानंतर पाहू. तो ऐकेल की नाही सांगता येत नाही. त्याचंही बरोबर आहे. कदाचित नेईलच. नेलं तर तिथली फरशी कशी आहे हे विचारायचं राहिलं, आताच लक्षात आलं.

हे कागद टाकायचे कुठे? तुमच्या घरी आता कोण राहतं मला माहीत नाही. सकाळच्या त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, ती डगमगते, आणि आता ती खुर्ची न्हाणीघराच्या दाराशी ठेवायचं ठरलं आहे. हे सगळे कागद जाड घडी करून त्या पायाखाली घालतो. बसते का पाहू.

एक राहिलं. आज दुपारी ती अंगणात तुरी निवडत असताना मी न्हाणीघरात गेलो. फरशी कोरडी होती. दार उघडंच ठेवलं. पडलो नाही, नळ धरून सरळ उभा होतो, आणि एकदा हाक मारून पाहिली. "गिरा" म्हणणार होतो, पण इथे ते कोणाला कळणार. म्हणून तिचं नाव घेतलं. आवाज फार बारीक निघाला. अंगणात सूप थांबलं. मग ती ओरडली, "काय झालं? कोन मेलं?" मी म्हणालो, "कोणी नाही. पाहून राह्यलो, ऐकू येते का." सूप पुन्हा हललं. मग ती म्हणाली, "येते." तिचं नाव मी इथे लिहिणार होतो, उस्ताद, तुम्हाला वाचता येत नाही तरी. पण लाज वाटते.